वासरू आणि जिवाणू

परवा मावशीने चीजचा डबा हातात घेऊन विचारले, "अरे, हे गोठवतात कशाने?" मी हिरवा ठिपका दाखविला. पण ठिपका कायद्याचा, पोट आपले, असे तिचे म्हणणे पडले.

तिची शंका वावगी नव्हती. युरोपात पूर्वापार दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातील रसाने चीजसाठी दूध गोठवीत आले. त्या रसातला खरा कर्ता म्हणजे कायमोसिन हे विकर. दुधातल्या केसीनची एक साखळी ते नेमक्या एकाच जागी, 105 आणि 106 क्रमांकांच्या कड्यांमध्ये तोडते; दूध थिजते. मात्र वासरू मारल्यावाचून ते हाती येत नसे.

पुढे शास्त्रज्ञांनी वासराच्या पेशीतील ती आज्ञा वाचली आणि ई. कोलाय या जिवाणूत घातली. जिवाणू ती मुकाट्याने पाळतो. पण त्याने केलेला माल आतल्या आत गोळ्या होऊन बसतो, घडी चुकलेली. तो विरघळवून घडी पुन्हा नीट बसवावी लागते. जिवाणू आम्लाने मारतात. मग परीक्षा: किती उबेला, किती आंबटपणात ते चालते, साखळी त्याच जागी तोडते ना? वासराच्या विकरात आणि ह्यात फरक आढळला नाही. 1990 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

आता पाप वस्तूत असते की कृतीत? वस्तूत म्हणावे, तर वस्तू तीच आहे. जिवाणूच्या हातून आली म्हणून शुद्ध कशी? मला तरी पाप कृतीतच दिसते. पिंपातल्या जिवाणूंसाठी कोणी वासराच्या मानेवर सुरी ठेवीत नाही. (जिवाणू मरतात, हे खरे, पण ते तर आपल्या दह्यातलेही पोटात मरतातच.)

पण कृतीचाच हिशेब मांडायचा, तर तो अर्ध्यावर कसा सोडावा? गाय व्याल्याखेरीज दूध देत नाही, आणि गोऱ्हा कधीच दूध देत नाही. मोठाल्या दुग्धालयांतून अशा गोऱ्ह्यांची वाट बहुधा खाटकाकडेच जाते. जिवाणूने वासराचे जठर वाचविले, वासरू नव्हे. आणि हा हिशेब चीजपाशी थांबत नाही. माझ्या सकाळच्या चहापर्यंत येतो.

हे सारे मी मावशीला सांगितले. तिने डबा फळीवर ठेवला आणि चहा मागितला. "दूध बेतानेच घाल," म्हणाली.