माप कुणाच्या हातात?

आमच्या काटेवाडीत म्हातारी माणसं खळ्याची गोष्ट सांगायची. वर्षभर राबलेला महार बलुतं मागायला खळ्याच्या कडेला उभा राहायचा. धान्यात त्याचाही घाम, पण माप दुसऱ्याच्या हातात. तू किती कामाचा, हे मापवालाच ठरवणार.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो. आमच्या खात्यात सूचनापेटी होती. भरलेल्या बॉबिन लवकर कशा उतरवाव्यात ते मी लिहून टाकलं. आठवड्यात अंमल झाला. छातीत जाणारी कापसाची धूळ कशी कमी करता येईल, तेही लिहिलं. त्या कागदाचं काय झालं, कुणी सांगितलं नाय. पेटी सगळ्यांना उघडी असते मित्रांनो, पण कागद वाचणारा एकच प्रश्न विचारतो: यात आमचा फायदा काय?

सरकार लढाईत उतरलं की अशीच पेटी उघडतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, अमेरिकेच्या आरमारानं थॉमस एडिसनला अध्यक्ष करून एक मंडळ नेमलं. लोकांकडून सुमारे १ लाख १० हजार कल्पना आल्या. बारकाईनं तपासण्यालायक ठरल्या ११०. उत्पादनापर्यंत पोचली फक्त एक. आता, नाकारलं म्हणजे अन्यायच झाला असं नाय. यंत्र चालतं का, वेळेत बनेल का, साध्या शिपायाला वापरता येईल का, हे विचारलंच पाहिजे. माझं भांडण या प्रश्नांशी नाय. जे प्रश्न विचारलेच जात नाहीत, त्यांच्याशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात हेडी लामार या सिनेनटीनं आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकारानं एक युक्ती काढली. टॉर्पेडोला वाट दाखवणारा रेडिओ संदेश सतत वारंवारता बदलत राहिला, तर शत्रूला तो अडवता येणार नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पेटंट मिळालं. आरमारानं मात्र ती घेतली नाही. वारंवारता बदलत राहण्याचं तेच तत्त्व आज खिशातल्या फोनच्या ब्लूटूथमध्ये आहे. म्हणजे मापात न बसलेली वस्तू बिनकामाची नसते. माप तोकडं असू शकतं.

आणि आपल्याला तर यंत्रासारखंच तोललं. १८१८ साली कोरेगावला महार शिपाई इंग्रजांना चालले. १८९० च्या दशकात साहेबानं ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद झाली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. अर्ज पडून राहिला. १९१७ ला युद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये पलटण मोडली. जात तीच, मनगटं तीच. बदलली ती फक्त त्यांची गरज.

मग प्रश्न असा, की उपयोगी ठरणं म्हणजेच माणूस ठरणं का? गरज सरली की माणूसपणही सरतं?

१९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. नुसता अर्ज घेऊन दारात उभं राहणं वेगळं आणि माप चाललंय तिथं जाऊन बसणं वेगळं.

पण तिथं बसल्यावर विचारायचं काय? जून १९४५ मध्ये जेम्स फ्रँक आणि शिकागोच्या काही शास्त्रज्ञांनी सरकारला लिहून कळवलं, की अणुबॉम्ब आधी ओसाड जागी फोडून दाखवा, शहरावर टाकू नका. ही बॉम्बच्याच कामातली माणसं. त्यांचं ऐकलं नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळलं. ‘चालतो का’ याचं उत्तर मिळालं होतं. ‘टाकावा का’ हे विचारणारे मापाजवळ नव्हते.

बुद्धानं उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला. आणि आपण तर पलटणीसाठी अर्ज केले! हा पेच मी लपवत नाय. ज्याला शस्त्र धरायचीच बंदी होती, त्यानं हक्क मागणं बरोबरच होतं. पण हक्क मिळाला म्हणून दुसरा प्रश्न सुटत नाय. बाबासाहेबांनी प्रज्ञेसोबत शील आणि करुणा सांगितली, ती याचसाठी. प्रज्ञा यंत्र बनवते. ते कुणावर चालवायचं, हे शीलानं ठरवायचं.

तुमच्यातली पोरं इंजिनियर होतील, कुणी संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत जाईल. जा, जरूर जा. पण एक दिवस माप तुमच्या हातात येईल, तेव्हा खळ्याच्या कडेला कोण उभं आहे ते आधी बघा. यंत्र चालतं का, हे विचारून झाल्यावर कागदावर सही करू नका. ते कुणाच्या छातीवर चालणार, तेही विचारा. माझा धुळीचा कागद वाचणाऱ्यानं तेवढंच विचारलं नव्हतं.

जय भीम.