हिशेब शाळेपासून सुरू व्हावा

कुठल्याही द्विशिक्षकी शाळेतली सकाळ पाहा. बाई पहिली-दुसरीला घेऊन बसलेल्या असतात आणि तिसरी, चौथी, पाचवी गुरुजींकडे. तिसरीला पाढे लिहायला लावून गुरुजी चौथीचं गणित फळ्यावर मांडतात, तोवर पाचवीतली एखादी मुलगी वही घेऊन जवळ येऊन उभी राहते. तिचा भागाकार बाकी उरते तिथे अडलेला असतो. तो सोडवून द्यायला दहा मिनिटं हवीत, पण तेवढ्यात केंद्रावरून निरोप येतो की अमुक माहिती आज बारापर्यंत भरा. मग पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरणं, आधार जुळवणी सुरू होते आणि भागाकार तसाच राहतो.

ही शाळा कायदा मोडत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. वर्षाला २०० दिवस, ८०० तास, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण, ग्रंथालय, मैदान, सगळं त्यात आहे. हे निकष आल्यामुळे अनेक शाळांना पहिल्यांदा धड इमारत मिळाली आणि त्याचं मोल कमी नाही. पण पाचवीतल्या त्या मुलीला भागाकार यायचा असेल तर दोन माणसं पुरतील का, हा प्रश्न परिशिष्टाने स्वतःला विचारलेला नाही. मुलाला काय यावं ते ‘निपुण भारत’ हे सरकारी अभियान सांगतं, शाळेत काय असावं ते परिशिष्ट सांगतं आणि पैसे किती ते तिसरीकडेच ठरतं. या तिघांची गाठ कुठेच पडत नाही.

पैशांचं पाहा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाकाठी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर १०,००० रुपये, त्यापुढे शंभरपर्यंत २५,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. म्हणजे अठ्ठावीस मुलांच्या शाळेला महिन्याला साधारण ८३३ रुपये, आणि त्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, गळका नळ, इंटरनेट, सगळं भागवायचं. तिसाव्या मुलानंतर एकतिसावं मूल दाखल झालं म्हणून शाळेची गरज अडीचपट होत नाही, पण अनुदान होतं. वाडीवरची छोटी शाळा या हिशेबात हरणारच. ती पटाला महाग पडते म्हणून मग छोट्या शाळा एकत्र करण्याची, समूह शाळेची कल्पना पुढे येते आणि पहिलीतल्या मुलाने डोंगर उतरून जायचं की नाही, यावर चर्चा सुरू होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एका मुलाच्या शिक्षणाला वर्षाला किती खर्च येतो, याचा ठोस आकडा काढायला कायद्याने सरकारला भाग पाडलं ते खासगी शाळांसाठी! २५ टक्के राखीव जागांवरच्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती करायची म्हणून महाराष्ट्राने दर मुलामागे १७,६७० रुपये ठरवले. आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चांगलं शिकवायला किती लागतील, याचा आकडा मात्र कुणी मांडून दाखवत नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात क्लेअरमाँट आणि आणखी चार गरीब शाळा-जिल्हे याच मुद्द्यावर कोर्टात गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पुरेसं शिक्षण देणं ही राज्याची जबाबदारी ठरवली. असं शिक्षण म्हणजे काय हे सांगायचं, त्याचा खर्च काढायचा आणि तो भरायचा, तिन्ही कामं सरकारच्या गळ्यात पडली. भांडण अजून मिटलेलं नाही. पण राज्य देत असलेले मुलामागचे सुमारे ४,१०० डॉलर अपुरे आहेत, किमान ७,३५६ हवेत, या खालच्या कोर्टाच्या निष्कर्षावर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. निदान तिथे वाद आकड्यावर होतो.

आधी शिक्षण ठरवायचं आणि मग त्याचा खर्च, हा क्रम आपल्याला नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, ते मला आजही शिक्षणाचा सर्वांत नेटका अर्थसंकल्प वाटतं. किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं हवं. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य. शिकवणार कोण, तर प्रशिक्षित आणि शक्यतो शेतकरी वर्गातले शिक्षक. त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. आणि पैसा कुठून, तर जो शेतकरी सारा भरतो त्याच्याच मुलांच्या शाळांकडे तो वळवा. आधी मूल, मग गुरुजी, मग रुपये, असा त्यांचा क्रम होता.

शिक्षकांच्या पगारावर आधीच एवढा खर्च होतो, आणखी पैसा कशाला, असं म्हणणारे भेटतात. खर्चातला मोठा वाटा पगाराचाच असतो, हे खरं आहे. पण द्विशिक्षकी शाळेत कमी काय आहे? तिसरा शिक्षक. ती उणीव पगारानेच भरून निघणार.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आहे आणि सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच असेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. या पालकांनी आराखड्यात रंगरंगोटी आणि पेव्हर ब्लॉकच्या आधी लिहावं: आमच्या पाचवीतल्या अमुक इतक्या मुलांना भागाकार येत नाही, त्यासाठी एक शिक्षक आणि माहिती भरायला एक मदतनीस हवा, त्याला वर्षाला इतके रुपये लागतील. जिल्हा परिषदेला नाही म्हणायचं असेल तर तिने त्या आकड्यासमोर लेखी नाही म्हणावं, कारणासह.