गवताची साक्ष

ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि जिच्यावर दाट झाडीही उभी नाही, तिला आपण सहज 'पडीक' म्हणून मोकळे होतो. हा शब्द वरकरणी वर्णनाचा दिसतो. वस्तुतः तो एक निवाडा आहे. दख्खनच्या माळरानावर पावसाळ्यात उगवणारे गवत, त्यावर पोसली जाणारी मेंढरे, आणि पुढे त्याच मेंढरांचा वाडा शेतात बसवून शेतकऱ्याला मिळणारे खत, यांपैकी काहीच त्या शब्दात मावत नाही. देशातील पडीक जमिनींच्या गणनेत अशी कितीतरी माळराने मोडतात. ज्या धनगराचे पोट त्या माळावर अवलंबून आहे, त्याच्या लेखी ती जमीन पडीक आहे काय, या प्रश्नाला त्या गणनेत रकाना नाही.

एखादे कुरण सुस्थितीत आहे की ऱ्हासाला लागले आहे, हे सांगणाऱ्या खुणांना शास्त्रीय परिभाषेत निर्देशक म्हणतात. आजच्या गुरांनी चरूनही उद्याच्या गुरांसाठी चारा उरावा, हा कुरणाचा गुण म्हणजे त्याची शाश्वतता. ती डोळ्यांना थेट दिसत नाही; खुणांवरूनच ताडावी लागते. मग या खुणा कोणी निवडाव्यात? हा प्रश्न तंत्राचा वाटतो, परंतु माझ्या मते तो मुळात न्यायाचा आहे. निर्देशक निवडणे म्हणजे साक्षीदार निवडणे; आणि ज्या खटल्यात साक्षीदार एकाच पक्षाने निवडले असतील, त्याच्या निकालाविषयी शंका घेण्यास जागा उरतेच.

उदाहरणादाखल बन्नीचा विचार करू. कच्छच्या उत्तरेस, मोठ्या रणाला लागून असलेला हा सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. तेथील पशुपालकांना मालधारी म्हणतात. त्यांच्या म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी आपापल्या घरी परततात. बन्नी म्हैस ही स्वतंत्र जात असल्याची अधिकृत नोंद २०१० मध्ये झाली. १९५५ मध्ये हा प्रदेश संरक्षित वन म्हणून घोषित झाला. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी, रणाचा खारटपणा पुढे सरकू नये या हेतूने सरकारने तेथे परदेशी बाभळीची लागवड केली. आपल्याकडे हिलाच वेडी बाभूळ म्हणतात. हेतू चांगला होता. परंतु गुरे तिच्या शेंगा खातात, शेणावाटे बी दूरवर पसरते, आणि पाहता पाहता गवताची जागा काटेरी झाडी घेते. बन्नीत तेच घडले.

आता हीच बन्नी निरनिराळ्या मापांनी मोजून पाहावी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या पद्धतीनुसार, १ हेक्टर वा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांच्या छत्राचे आच्छादन किमान १० टक्के असेल, ती वनाच्छादनात गणली जाते. झाड कोणत्या जातीचे आहे, हे तेथे पाहिले जात नाही. या मापाने बाभळीची दाटी ही वाढ ठरू शकते. मालधाऱ्याच्या मापाने तीच दाटी हानी ठरते. त्याच बाभळीच्या लाकडाचा कोळसा करून गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबाला मात्र ती आधार वाटते. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने आपल्याला जे मोलाचे वाटते, त्याची खूण धरली आहे. मूल्य आधी येते, माप नंतर. आणि माप पुढे आले की त्यामागचे मूल्य दृष्टीआड होते. आकड्याला लाभणारी निःपक्षपाती प्रतिष्ठा येथे सावधपणे पारखून घेतली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, 'वाद नको, हे काम तज्ज्ञांवर सोपवा.' तज्ज्ञाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. उपग्रहाला एका दृष्टिक्षेपात जेवढा प्रदेश दिसतो तेवढा पशुपालकाला जन्मभर हिंडूनही दिसणार नाही. परंतु जनावर कोणत्या गवताला तोंड लावत नाही, दूध कोणत्या रानात आटते, हे उपग्रहाला दिसत नाही. शिवाय एखादे कुरण 'ऱ्हास पावलेले' ठरले, तर चराई बंद होते ती पशुपालकाची. ज्याच्या चुलीवर मापाचा परिणाम होणार, त्याला त्या मापाविषयी बोलण्याचा अधिकार नसावा, हे न्यायाला धरून नाही.

परंतु अधिकार मान्य केला तरी त्याचे ज्ञान भरवशाचे आहे काय? या शंकेचे उत्तर आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातून मिळते. तेथील कालाहारीच्या वाळवंटी कुरणांतही काटेरी झुडपे गवतावर मात करीत आहेत. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मार्क रीड, अँड्र्यू डुगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पशुपालकांकडून कुरणाच्या बऱ्यावाईट अवस्थेच्या खुणा प्रथम ऐकून घेतल्या. गवताचे आच्छादन, झुडपांची दाटी, मातीचा भुसभुशीतपणा, जनावरांची प्रकृती, अशा त्या खुणा होत्या. मग त्या खुणा प्रत्यक्ष रानात शास्त्रीय कसोट्यांवर तपासल्या आणि निष्कर्ष पुन्हा लोकांपुढे चर्चेला ठेवले. या कामाचा वृत्तांत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खुणा कसोटीला उतरल्या. 'बहुतेक' हा शब्द महत्त्वाचा आहे. लोकज्ञान पूज्य म्हणून स्वीकारले गेले नाही आणि अडाणी म्हणून झिडकारलेही गेले नाही. ते तपासले गेले. एखाद्याचे म्हणणे गांभीर्याने तपासणे, हा त्याचा खरा सन्मान आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे २००१ पासून पशुपालक, शास्त्रज्ञ, शासकीय अधिकारी आणि पर्यावरणवादी संस्थांचे प्रतिनिधी कुरणांच्या शाश्वततेविषयी एकत्र बसू लागले. चराईच्या प्रश्नावर यांतील काहीजण एकमेकांचे जुने विरोधक. तरीही त्यांनी ५ निकषांखाली ६४ निर्देशक निश्चित केले. त्यांत माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि उत्पादनक्षमता तर होतीच. त्यांच्याबरोबर माणसांचे सामाजिक व आर्थिक हित आणि कायदे व संस्था यांनाही स्थान मिळाले. पुढे त्यांतून २७ गाभ्याचे निर्देशक निवडण्यात आले. किती गुरे योग्य, किती गवत पुरेसे, याचा निवाडा त्यांनी यादीत घातला नाही. काय पाहावयाचे, एवढेच ठरविले. निकालावर एकमत नसतानाही पुराव्यावर एकमत होऊ शकते, हा त्यातील मोठा धडा होय.

अर्थात, सर्वांना एकत्र बसविले म्हणजे न्याय झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बैठकीत शंभर म्हशींचा मालक मोठ्याने बोलतो. दोन शेळ्यांची धनीण मागे उभी राहते. ज्याच्याकडे जनावरच नाही त्याला निरोपही जात नाही. पुढच्या पिढीला तेथे आसन नाही, आणि गवताला तर वाचाच नाही. शिवाय इंग्रज अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात जे दाखवून दिले, ते येथेही लागू पडते: नियंत्रणासाठी एखाद्या मापाचा आधार घेतला की त्या मापाचा भरवसा ढासळू लागतो. हिरवेपणावर शाबासकी मिळणार असेल तर हिरवेपणाच वाढविला जाईल, मग तो वेड्या बाभळीचा का असेना. सहमतीने निवडलेले मापही या दोषातून सुटत नाही. सर्वांनी मिळून सर्वांच्या सोयीची खूण निवडली, तर ती सामूहिक आत्मवंचनाच ठरेल.

मग सामायिक निर्देशकाचे नैतिक मोल कशात आहे? माझ्या मते ते सहमतीत नाही; सहमतीनंतर जे बंधन येते त्यात आहे. जो माप निवडण्यात सहभागी होतो, तो त्या मापाची नकोशी साक्षही ऐकण्याचे वचन आगाऊ देत असतो. उद्या आपल्याच खुणेने दाखविले की कळप रानाला जड झाला आहे, तर 'हे सरकारचे आकडे' असे म्हणण्याची सोय पशुपालकाला उरत नाही. त्याच खुणेने दाखविले की लावलेल्या झाडांनीच कुरण गिळले, तर 'हे अडाण्यांचे म्हणणे' असे म्हणण्याची सोय अधिकाऱ्यालाही उरत नाही. आणि साक्ष ऐकल्यावर किंमत मोजावी लागते. ती एकट्या दुर्बळाच्या माथी मारली जाऊ नये, म्हणून ती कशी वाटून घ्यावयाची, हेही मोजणी सुरू होण्यापूर्वीच ठरावयास हवे. कळप कमी करावयाचा तर सर्वांत आधी मोठ्याचा. बाभूळ काढावयाची तर कोळशावर जगणाऱ्याच्या उद्याच्या भाकरीची सोय लावून.

पृथ्वीच्या भूभागापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र कुरणांनी व माळरानांनी व्यापलेले आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेले आहे. या निमित्ताने नवे नकाशे व नव्या याद्या तयार होतील. त्या हाती येतील तेव्हा त्यांतील आकडे वाचण्याआधी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: ही खूण निवडताना कोण कोण उपस्थित होते, आणि निवडणाऱ्यांना न रुचणारे काही सांगण्याची मुभा या खुणेला आहे काय? गावचे गायरान असो की कच्छचे बन्नी, ज्या मापापाशी या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, ते कितीही अचूक असले तरी त्यावर निवाडा करू नये.