नीरक्षीरविवेक

माहिती आणि अभिरुचि या दोहोंचें नातें आपण समजतों तितकें सरळ नाहीं. पुष्कळ वाचणारा मनुष्य चोखंदळ असतोच असें नव्हे. पूर्वीं ग्रंथ मिळण्याचीच पंचाईत असे. आतां हातांतल्या यंत्रांत ग्रंथ, गाणीं, बातम्या आणि अफवा एकाच ओळींत येऊन उभ्या राहतात, आणि त्यांतून निवड करण्याचें काम मागें पडतें.

निवड कशी करावी याचा एक मोठा धडा आपल्या जवळच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग आरंभिला तो नागपुरांत. पुढें तो पुण्यास गेला आणि 1920 नंतरच्या दशकांत 23 खंडांनीं पुरा झाला. त्यांतील पहिले पांच खंड प्रस्तावनेचे आहेत. अकारविल्हे माहिती त्यानंतर येते. आधीं जगाकडे पाहण्याची भूमिका, मग नोंदी, हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. हातांतल्या यंत्राचा क्रम निराळा. आपली नजर जेथें अधिक वेळ खिळते, त्याच जातीचा माल तें पुन्हां पुढें करतें. आणि जें वारंवार दिसतें तेंच श्रेष्ठ, असें आपल्याला वाटूं लागतें.

यावर कोणी म्हणेल, संपादकांची जुनी चाळणी तरी निर्दोष कोठें होती? आक्षेप खरा आहे. 1920 सालींच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘मूकनायक’ काढावें लागलें, कारण प्रचलित वृत्तपत्रांत अस्पृश्यांच्या दुःखाला पुरेशी जागा नव्हती. तेव्हां द्वारें खुलीं झालीं याचा खेद करणें अनुचित होय. परंतु द्वारपाळ गेला म्हणून विवेकाची गरज संपत नाहीं; ती जबाबदारी प्रत्येक वाचकाच्या माथीं येते.

येथें प्रश्न केवळ आवडीचा राहत नाहीं, नीतीचा होतो. तुकोबांच्या नांवावर भलत्यानेंच रचलेल्या ओळी घरोघर फिरतात. गाथा न उघडतां त्या आपण आप्तांस धाडतों, तेव्हां आपण एक प्रकारें साक्षच देत असतों. 2018 मध्यें व्हॉट्सॲपनें भारतांत आलेला मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास आळा घातला. अशा बंधनानें वेग मंदावतो. खरेंखोटें ओळखण्याची शक्ति त्यानें येत नाहीं.

मग ती येते कशानें? हंस दूध आणि पाणी वेगळीं करतो अशी कविप्रसिद्धि आहे. पण ज्याला दुधाची चवच ठाऊक नाहीं, तो काय वेगळें करणार? थोडें पण उत्तम वाङ्मय पुनःपुन्हां वाचावें, आवडलें तर तें कां आवडलें हें घरांतल्या मुलांना सांगावें, आणि त्यांनीं विरोध केल्यास तोही ऐकून घ्यावा. आवडीला कारण लागत नाहीं, अभिरुचीला लागतें. जें कारण देऊन पुढें करतां येत नाहीं, तें आपल्यापाशींच थांबवणें, हा आजच्या वाचकाचा साधा धर्म आहे.