दूरचा कळवळा

तरुणांना राजकारणाची गोडी नाहीं, ही वडीलधाऱ्यांची जुनी तक्रार समाजमाध्यमांनीं खोटी पाडली. ती गोडी कोणत्या जातीची, हा प्रश्न मात्र उरतो. पांढरकवडा भागांतील एका वाघिणीची हकीकत या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगी आहे.

वनखात्यानें तिला ‘टी-१’ म्हटलें, प्राणिप्रेमींनीं ‘अवनी’. सुमारें दोन वर्षांत १३ माणसें मारल्याचा ठपका तिच्यावर होता. पकडतां न आल्यास गोळी घालावी, हा हुकूम सर्वोच्च न्यायालयानेंही सप्टेंबर २०१८ मध्यें रोखला नाहीं. २ नोव्हेंबरच्या रात्रीं बोराटीजवळ ती मारली गेली. पांढरकवडा कोठें आहे हेंही ज्यांस ठाऊक नव्हतें, असे असंख्य तरुण फोनवरून वनमंत्र्यांस जाब विचारूं लागले. इकडे गांवकऱ्यांनीं सुटकेचे फटाके वाजविले.

तरुणांचा राग खरा होता. गोळी नियमास धरून झाडली काय, हें सरकारास विचारणें नागरिकाचें कर्तव्यच होय. पण वाघिणीचें नांव घरोघरीं पोहोंचलें आणि मेलेलीं माणसें आंकडाच राहिलीं. माध्यम जें दाखवितें त्याचा कळवळा आपोआप येतो. जें दाखवीत नाहीं त्याची चौकशी आपणांसच करावी लागते. कापसाच्या शेतांतून सांजवेळीं परतणाऱ्या मजूर बाईची भीति ज्याच्या विचारांत आली नाहीं, त्याच्या उदार मताची किंमत तीच भरीत असते.

तरुणांच्या हातून फोन काढून घ्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. बोराटीचा तरुणही त्याच माध्यमांत बोलूं शकतो. त्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून मग शहरांतल्या तरुणानें आपलें मत ठरवावें. राजकारणाचें शिक्षण तेथून सुरू होतें.