हेमाडपंती या शिक्क्याचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील कसबा संगमेश्वर येथील कर्णेश्वर मंदिराची ओळख आज बहुधा 'हेमाडपंती' या एका विशेषणात उरकली जाते, आणि त्यामुळे ते कोणी, केव्हा व कोणत्या शिल्पपरंपरेत घडवले हे प्रश्न विचारण्याआधीच मिटतात. परंपरा त्याचे श्रेय कर्ण नावाच्या चालुक्य राजाला देते, यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला नव्हे.

हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, हे सर्वज्ञात आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारकालीन आहे. चुन्याशिवाय दगडाला दगड खाचांनी जोडून वजनाच्या तोलावर उभारणी करण्याची जी रीत हेमाडपंताची म्हणून सांगितली जाते, ती त्याच्या जन्मापूर्वीच रुळलेली होती. अंबरनाथचे शिखर 'भूमिज' पद्धतीचे आहे. चार बाजूंनी चढणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये ओळींनी रचलेली लघुशिखरे हे तिचे लक्षण असून, राजा भोजाच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात या प्रकाराची चर्चा आहे.

'हेमाडपंती' या नावाचा हा घोटाळा इंग्रज अधिकाऱ्यांनी केला, असे मानले जाते. परंतु खरा दोष तिथे नाही. हे नाव लोकांचेच होते. मोडी लिपी आणि बाजरीचे पीकही ज्या लोकस्मृतीने हेमाडपंताच्या नावे केले, तिने जुनी भक्कम देवळे त्याला अर्पण केली, आणि हे शैलीचे वर्गीकरण नसून थोर पुरुषाविषयीचा आदर होता. गॅझेटियरकारांनी ते प्रचलित नाव नोंदले. पुरातत्त्व अभ्यासक हेन्री कझिन्स यांच्या १९३१ च्या ग्रंथात तर त्याच्या सैल वापराची जाणीवही दिसते. खरी हानी पुढे झाली, जेव्हा पाठ्यपुस्तकांनी आणि माहितीफलकांनी या आदराची व्याख्या केली आणि 'बिनचुन्याचे ते हेमाडपंती' असे सूत्र रूढ झाले. बांधणीच्या एका तंत्राला शैली ठरवल्यामुळे शिलाहार, चालुक्य आणि यादव यांच्या काळांतील भेद पुसले गेले.

मागाहून दिलेले नाव भेद पुसतेच असे नाही. युरोपातील अकराव्या-बाराव्या शतकांतल्या मठचर्चांनाही 'रोमनेस्क' हे नाव एकोणिसाव्या शतकातच मिळाले. पण तिथल्या अभ्यासकांनी त्या छत्राखाली बर्गंडी, प्रॉव्हान्स अशा प्रादेशिक शाखा वेगळ्या ओळखल्या.

आता पुन्हा कर्णेश्वरकडे. कोकणात घरांना जांभा वापरतात, पण तो सच्छिद्र असल्याने बारीक कोरीव काम पेलत नाही. कर्णेश्वरचे छत आणि खांब म्हणूनच काळ्या पाषाणात कोरलेले आहेत. ही निवड आणि हे कौशल्य अनाम कारागिरांचे आहे. फलकांवर राजवंश, शतक, दगड आणि रचना लिहावी, व जिथे कर्ता अज्ञात असेल तिथे 'अज्ञात' असेच लिहावे. खोट्या श्रेयापेक्षा तोच त्या कारागिरांचा अधिक मान आहे.