क्लास बदलता येतो, पण क्लास हवाच कशाला?



आपल्या घरातली मुले जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांत 'रोल-प्लेइंग' नावाचा एक जुना प्रकार आहे. खेळाडू तीन-चार पात्रांची टोळी घेऊन एका काल्पनिक जगात हिंडतो, राक्षसांशी लढतो, अनुभव मिळवतो आणि एकेक लेव्हल वर चढतो. प्रत्येक पात्राला एक 'क्लास' असतो: योद्धा, पुरोहित, व्यापारी, जादूगार. एकदा क्लास ठरला की कोणते शस्त्र उचलायचे आणि कोणती विद्या शिकायची हेही ठरून जाते. योद्ध्याला मंत्र नाही, जादूगाराला जड तलवार नाही.

योद्धा, पुरोहित, व्यापारी. ही यादी आपण आधी कुठे वाचली आहे, हे आपल्याला सांगायला नको. म्हणूनच या खेळांकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. त्यातून जो प्रश्न निघतो तो आपला आहे: माणसाला वर्ग बदलण्याची मोकळीक दिली, म्हणजे न्याय पुरा झाला का?

एक उदाहरण घेऊ. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा गेम जपानमध्ये १९८८ साली आला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची. २०२४ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला, त्यामुळे आजच्या मुलांनाही तो ठाऊक आहे. सुरुवातीला एका मद्यालयात जाऊन साथीदार नोंदवायचे असतात: नाव लिहा, स्त्री की पुरुष ते सांगा, क्लास द्या. पण हा क्लास कायमचा नसतो. विसाव्या लेव्हलला पोचलेले पात्र एका मंदिरात जाऊन तो बदलू शकते. त्या मंदिराचे जपानी नाव 'दामा'. आपल्या कानाला त्यात 'धम्म' ऐकू आला तर नवल नाही.

बदलाचे नियम लक्षात घेण्यासारखे आहेत. पात्र पुन्हा पहिल्या लेव्हलवर येते. त्याचे बळ, चपळाई वगैरे सगळे निम्मे होते. शिकलेले मंत्र मात्र त्याच्याजवळच राहतात. मिळवलेली विद्या कोणी काढून घेत नाही.

या खेळात 'प्रज्ञावंत' असा एक श्रेष्ठ क्लास आहे. तो सुरुवातीला कोणालाच मिळत नाही. त्यासाठी 'सातोरीचे पुस्तक' लागते. सातोरी म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतला साक्षात्कार, बोध. या अटीला एकच अपवाद आहे, आणि तो म्हणजे 'उनाड' नावाचा क्लास. हे पात्र ऐन लढाईत सांगितलेले ऐकत नाही, हल्ला करायचा सोडून टवाळकी करते. सगळ्यांच्या लेखी ते बिनकामाचे. पण हेच पात्र विसाव्या लेव्हलला पोचले की पुस्तकाशिवाय थेट प्रज्ञावंत होऊ शकते. ज्याला कोणी हिशेबात धरत नाही, त्याच्याकडे सनद मागितली जात नाही.

वाळलेली फुले झाडून उचलणारा सुनीत आपल्याला माहीत आहे. तथागतांनी त्याला संघात घेतले. उपाली न्हावी होता. शाक्य कुमारांनी, आपला अभिमान मोडावा म्हणून, आपल्याआधी त्याला प्रव्रज्या द्यावी असे तथागतांना विनवले. तोच उपाली पुढे विनय जाणणाऱ्यांत अग्रगण्य ठरला.

पण त्याच खेळात दुसरी एक गोष्ट आहे. नायकाला क्लास बदलता येत नाही. तो ओर्तेगा नावाच्या विख्यात वीराचे अपत्य. बापाचे अपुरे राहिलेले काम पुरे करणे हीच त्याची ओळख. मंदिराचे दार सगळ्यांना उघडे आहे, फक्त वारसा घेऊन आलेल्याला नाही. जन्म खेळातून पुरता गेलेला नाही. तो वरच्या जागी जाऊन बसला आहे.

आता कोणी म्हणेल, जन्माची बाब वगळली तर ही व्यवस्था चांगलीच आहे. गुण पाहा, क्लास द्या, बदलायचा असेल तर बदलू द्या. हा युक्तिवाद नवा नाही. वर्ण जन्माने नसून गुणकर्माने असावा, असे आर्यसमाजी सांगत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्याची चिरफाड केली. गुणच पाहायचे असतील तर जुनी चार नावे कशाला हवीत, असे त्यांनी विचारले. प्रत्येक माणूस वेगळा आहे. असंख्य माणसे मूठभर खणांत कोंबता येत नाहीत, आणि हीच चूक प्लेटोनेही केली होती, हे त्यांनी दाखवले. वर्ग एकमेकांवर अवलंबून असतात हे त्यांना मान्य होते. पण शिक्षण आणि स्वसंरक्षण या गोष्टींसाठी कोणी दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहावे? त्या प्रत्येकाच्या हाती हव्यात.

खेळाचा चाहता यावर म्हणेल, "सगळ्यांना सगळे जमले तर खेळात मजा काय? तोल राहायला हवा." खेळापुरते हे खरे आहे. पण तिथे चारही पात्रे एकाच खेळाडूच्या हातात असतात. पुरोहिताने योद्ध्याची जखम बरी केली तरी योद्ध्यावर उपकार होत नाहीत, आणि नाही केली तरी त्याचा अपमान होत नाही. त्या पात्रांना मन नाही. समाजात मात्र प्रत्येक सोंगटीच्या जागी जिवंत माणूस आहे. वर बसलेला ज्याला 'तोल' म्हणतो, तो खालच्याच्या पाठीवर ठेवलेला भार असतो.

पुढचा विचारही खेळांनीच केला. १९९२ च्या 'फायनल फँटसी ५' मध्ये वीसहून अधिक कामे आहेत आणि ती वाटेल तेव्हा बदलता येतात. एका कामात शिकलेले कौशल्य दुसऱ्या कामात वापरता येते. त्यात एक अवस्था अशी आहे, जिला जपानीत 'सुप्पिन' म्हणतात, म्हणजे रंगरंगोटी न केलेला, उघडा चेहरा. ही बिनकामाची, बिननावाची अवस्था. सुरुवातीला ती सामान्य वाटते. पण पात्र जी जी कामे पूर्ण आत्मसात करते, त्यांचे अंगभूत गुण या उघड्या चेहऱ्यात उतरत जातात. शेवटी सगळ्यांत समर्थ ठरतो तो कोणताही बिल्ला न लावलेला माणूस.

तथागतांनी सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला आहे. गवत, झाडे, कीटक, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळ्या खुणा असतात. माणसामाणसांत तशा नसतात. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. ही कामाची नावे आहेत, व्यवहारासाठी ठेवलेली. काम माणसाला नाव देते, माणूसपण देत नाही. ते आधीपासूनच असते.

हे आपण परदेशात राहणाऱ्यांनी का लक्षात ठेवायचे? कारण इथेही बिल्ले आहेत. व्हिसाच्या कागदावर माणूस म्हणजे एक पद असतो. त्याची उच्चशिक्षित पत्नी त्याच कागदावर फक्त 'अवलंबित' असते. शिवाय जात विमानात बसून इथवर आली. सिअॅटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक मात्र गव्हर्नरांनी परत पाठवले. आणि आपणही आपल्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर अशा दोनच खणांत बसवू पाहतो. चित्रकार व्हायचे म्हणणारी मुलगी आपल्याला 'उनाड' वाटू लागते.

मात्र दामा मंदिराच्या नियमांतली एक गोष्ट सर्वांत मोलाची आहे. क्लास बदललेले पात्र पहिल्या लेव्हलवर येते, तेव्हा ते एका फटक्यात मरू शकते. तरीही ते टिकते, कारण उरलेले तिघे पुढे उभे राहून मार झेलतात. खेळात बदलाची किंमत टोळी मिळून देते. जीवनात ती बहुधा एकट्याला द्यावी लागते. म्हणून बदलाचा हक्क कागदावर असला तरी तो घ्यायचे धैर्य फार थोड्यांना होते. स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बाबासाहेब बंधुत्वाचा आग्रह धरत, तो यासाठीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जुने नाव टाकले, ते एकेकट्याने नव्हे, एकत्र.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या मंडळाची परीक्षा या एकाच गोष्टीवर व्हावी. एच-वन-बी व्हिसावरच्या कोणाची नोकरी गेली आणि हातात साठ दिवस उरले, तर त्याच्या पुढे उभे राहणारे तिघे आपल्यात आहेत का? चाळिशीत नवे काही शिकू पाहणाऱ्या भगिनीची मुले संध्याकाळी दोन तास सांभाळणारे घर आहे का? आपल्या सभेत नव्याने आलेल्याला आपण आधी "कुठल्या कंपनीत?" असे विचारतो, की "जेवलात का?" असे?

क्लास बदलण्याची मोकळीक हा न्यायाचा अर्धा भाग आहे. बदलणाऱ्याला पहिल्या लेव्हलवर एकटे न सोडणे हा दुसरा अर्धा. आणि बिल्ल्यामागचा उघडा चेहरा ओळखणे, तिथे धम्म सुरू होतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!